हैमाच्या अलीकडे उभा असलेला माणूस

मी एक जुनी गाडी आहे आणि माझ्या पोटात एक घर आहे. दोन बिछाने, एक शेगडी, भांड्यांचं कपाट आणि बिछान्याखाली शंभर लिटरची पाण्याची टाकी. मित्रांनो, अशा गाडीची गोष्ट मजेची असणार, असं तुम्हाला वाटेल. अर्धी आहे. उरलेली अर्धी मी गोड करून सांगणार नाही. ऐकायची तर तशीच ऐका.

जपानमध्ये मला बनवलं. जहाजातून मी ओमानला आले. पहिली सात वर्षं सोहार औद्योगिक वसाहतीत मी कामगारांची ने-आण केली. सव्वीस सीटांवर चाळीस माणसं बसायची. त्यांच्या घामाचा वास माझ्या छतात मुरला. मला कुणी धुतलं नाही, आणि त्यांनाही कुणी बरं आहे का म्हणून विचारलं नाही. मग एक दिवस माझा गिअर अडकला आणि मालकाने मला भंगारात उभं केलं.

१९९६ साली देवानंद नावाच्या इंजिनिअरने मला तिथून उचललं. हा मूळचा महाड तालुक्यातला, राहायला मस्कतला. त्याचे नातेवाईक ओमानभर पांगलेले होते. भाऊ सतीश सोहारला, बायको नंदाची बहीण माधवी थेट सलालाला. सगळे कंपनीच्या दोन-दोन खोल्यांत. पाहुणे आले की घरची माणसं स्वयंपाकघरात झोपायची. देवानंदला ते खटकायचं. तो म्हणाला, "आपण आपलं घर सोबत घेऊनच जाऊ."

मस्कतच्या गाला भागात जहूरभाई म्हणून रत्नागिरीकडच्या माणसाचं गॅरेज होतं. त्याने दोन महिने राबून माझ्या सीटा काढल्या आणि बिछाने ठोकले.

"देवानंदभाऊ, दार एकच ठेवलंय," तो म्हणाला. "वैनी भांडली तर पळायला जागा नाय."

"मग दुसरं कर की."

"वैनींनीच नको सांगितलंय."

ती वर्षं सुखाची होती. सतीशच्या दारात मी उभी राहिले की सगळी वसाहत बघायला यायची. "दादा, जेवायला आमच्याकडे आणि झोपायला स्वतःच्या घरी! असा पाहुणा रोज आला तरी चालेल," सतीश म्हणायचा. देवानंदची मुलगी रश्मी वरच्या बिछान्यावर पुस्तकं घेऊन लोळायची. दर शुक्रवारी मला साबणाने अंघोळ मिळायची. माझे लाड झाले, मी कशाला नाकारू?

१९९८ च्या जुलैत देवानंदचे वडील आबा गावाहून आले. वय सत्त्याहत्तर. मुलाने व्हिजिट व्हिसा काढला होता. त्यांना घेऊन सगळे माधवीकडे सलालाला निघाले. मस्कतपासून हजार किलोमीटर. आदम गाव मागे पडलं की दोन्ही बाजूंना काहीच नसतं. झाड नाही, घर नाही, सावली नाही. रस्ता एवढा सरळ की चालवणाऱ्याला झोप यावी. आबा मागच्या बिछान्यावर, मागच्या पत्र्याला डोकं टेकून झोपले होते.

दुपारचा एक वाजला असेल. हैमा हे पुढचं गाव ऐंशी किलोमीटरवर होतं.

"अहो, कुणीतरी हात करतोय," नंदा म्हणाली.

रस्त्याच्या कडेला एक माणूस उभा होता. निळा कामाचा डगला, डोक्याला फडकं आणि हातात पांढरा प्लॅस्टिकचा कॅन. तो कॅन उलटा धरून दाखवत होता. रिकामा आहे, एवढंच तो सांगत होता. मला ते कळलं. मी तर पत्र्याची आहे.

"खल्लीवल्ली असणार," देवानंद म्हणाला. "अर्बाबकडून, मालकाकडून पळालेला. कागद नसतील. असल्याला गाडीत घेतलं तर आपण आत."

"मग नका थांबू. रश्मी आहे गाडीत."

पुढे रस्त्यावर वाळू सरकून आली होती. देवानंदने वेग कमी केला. मित्रांनो, त्या माणसाला वाटलं, गाडी थांबतेय. तो हसला. मी पाहिलं, तो हसला आणि पळत आला. वाळू संपताच देवानंदने पाय दाबला. त्या माणसाचा तळहात माझ्या मागच्या पत्र्यावर पडला. एकच थाप. नेमकी आबांच्या डोक्याशी.

आबा दचकून उठले. "काय रे झालं?"

"काही नाही आबा. दगड उडाला," देवानंद म्हणाला.

माझ्या टाकीत तेव्हा ब्याण्णव लिटर पाणी होतं. पेलाभर द्यायला कुठला कागद लागतो? आणि गाडीत घ्या, असं तो म्हणाला तरी होता का? पण परमुलखात नोकरी करणाऱ्या माणसाच्या मनात भीती अशी काही बसते, की समोरचा काय मागतोय हेसुद्धा तो बघत नाही.

हैमाच्या पेट्रोल पंपावर सगळे चहाला उतरले. आबांनी नातीला विचारलं, "दगड केवढा होता गं?"

रश्मीचं मराठी अडखळत चालायचं. "दगड नाही आबा. एक अंकल होते. त्यांचा कॅन एम्टी होता. ते रन केले, मग खाली बसले. मी विंडोतून बघितलं."

आबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"देवा, मी सहा वर्षांचा होतो. बापाच्या खांद्यावर बसून महाडच्या तळ्यावर गेलो होतो. ओंजळभर पाणी प्यायले म्हणून आपल्या लोकांनी काठ्या खाल्ल्या. हे तुला मी किती वेळा सांगितलंय?"

"आबा, ते वेगळं होतं. इथे नियम आहेत. आपण काय करणार?"

"काठ्या मारणारेही हेच म्हणत होते. रीत आहे, आम्ही काय करणार."

देवानंदचा चेहरा उतरला. त्याने मला मागे वळवलं.

आम्ही पोचलो तेव्हा तीन वाजत आले होते. वाळू सरकलेली जागा तीच होती. माणूस नव्हता. कॅन पडला होता. पावलं रस्ता सोडून आत गेलेली दिसत होती. शंभरेक पावलांपर्यंत ती ओळखू येत होती. पुढे वारा होता. देवानंद हाका मारत मारत आत गेला. काय म्हणून हाक मारणार? नाव कुठे माहीत होतं! "भाई! ओ भाई!" असा तो ओरडत राहिला. नंदा टॉवेल ओला करून हातात धरून उभी होती. तो तिच्या हातातच वाळला.

आबांनी तो कॅन माझ्या टाकीतून काठोकाठ भरला आणि रस्त्याकडेला दगडाच्या आधाराने उभा करून ठेवला.

"आता पोलिसांना सांग. त्यांच्याकडे गाड्या आहेत, ते शोधतील."

हैमाच्या पोलीस ठाण्यासमोर मी उभी राहिले. देवानंदचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात.

"आबा, ते विचारतील आधी का नाही थांबलात. नोकरी जाईल. तुमचा व्हिसासुद्धा माझ्याच नावावर आहे."

"मी सांगते. मला स्कूलमध्ये अरबी आहे," रश्मी म्हणाली. नंदाने तिचा दंड घट्ट धरला.

मग आबा एकटेच उतरले. धोतर, पांढरी टोपी, पायात चपला. त्यांना अरबी येत नव्हती, हिंदीही जेमतेम. दारातल्या पोलिसाला त्यांनी रस्त्याकडे हात करून दाखवलं, मग ओंजळ तोंडाशी नेली. पुन्हा रस्ता, पुन्हा ओंजळ. पोलीस तरणाबांड होता. तो घाईने आत गेला, थंड पाण्याची बाटली घेऊन आला आणि दोन्ही हातांनी आबांना दिली. खुर्चीही आणली. आबा कोण, कुठले, कागद आहेत का, काहीच विचारलं नाही.

हे सगळं देवानंदने माझ्या काचेतून पाहिलं. तो उतरला नाही.

आबा ती बाटली तशीच हातात घेऊन परत आले. "त्याला वाटलं मीच तहानलोय," ते म्हणाले. "तू चल. तुझ्याशिवाय त्याला कळणार नाही." देवानंदने मान खाली घातली आणि मला चालू केलं. आम्ही सलालाला पोचलो, तिथे पावसाळा होता. तिकडे डोंगरावर धुकं होतं, सगळं हिरवंगार होतं. आबा माधवीच्या घरातून बाहेर पडले नाहीत.

आठ दिवसांनी परतताना देवानंदने मला त्या जागी थांबवलं. कॅन उभाच होता. काठोकाठ भरलेला. पाणी हात लावू देत नव्हतं, इतकं तापलेलं.

आबा गावी गेले. मुलाला पत्र यायचं, पण त्यात नातीचीच चौकशी असायची. तीन वर्षांनी ते वारले.

तेव्हापासून माझ्या मागच्या पत्र्यावर थाप पडते. सोहारच्या रस्त्यावर पडायची, निझवाच्या बाजारात पडायची, उभी असतानाही पडते. एकच. देवानंद दर वेळी उतरून मागे जाऊन बघायचा. शेवटी त्याने मला जहूरभाईकडे नेलं. जहूरभाईने मागचा पत्रा उतरवला, नवीन रबर घातलं, सगळे बोल्ट आवळले. दोन दिवसांनी देवानंद पुन्हा दारात.

"वाजतंय अजून."

जहूरभाईने हात पुसले. "भाऊ, मी हिच्यात बसून बरकापर्यंत जाऊन आलो. मला काय ऐकू आलं नाय. पत्र्याचं काम असतं तर मी केलं असतं."

देवानंद मला न्यायला पुन्हा आला नाही. २००४ पासून मी इथेच, गालाच्या कुंपणाला टेकून उभी आहे. माझे बिछाने उंदरांनी खाल्ले, चाकं कुणी काढून नेली. मला दुरुस्त करा, असं मी कुणाला सांगणार नाही. मी तिथे होते. मीही थांबले नाही. गाडीच्या हातात काय असतं, असं म्हणून मी सुटू शकते. पण असं म्हणून सुटणारे मी पुष्कळ पाहिलेत, आणि मला त्यांची चीड येते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या गाड्या असतील, पाणी असेल. रस्त्यात कुणी हात केला तर तो काय मागतोय ते आधी नीट बघा. पाणी मागत असेल तर पाणी द्या. तो कोण, कुठला, कागद आहेत का, हे त्याचं पिऊन होईपर्यंत विचारू नका. आणि चुकून पुढे निघून गेलात, तर ज्याच्या हातून काही होऊ शकतं त्याच्या दारात जा, गाडीतून उतरा, आणि तोंडाने सांगा.