कंत्राटदाराच्या दिवाणखान्यातली फुलं

मी बोलतेय ती एकटं फूल म्हणून नाही. पाणथळ कुरणातल्या जांभळ्या रानफुलांची मी अख्खी जात आहे. रोपं वाळली तरी मी मरत नाही. बी होऊन चिखलात पडून राहते. पाऊस आला की उगवते, पाणी ओसरू लागलं की फुलते.

अशीच ऐन भरात असताना कंत्राटदार मोजपट्टी घेऊन आला. मागून त्याची बायको, एक चप्पल चिखलात रुतलेली.

"अहो, इथे पाय ठरत नाही, घर कसं ठरणार?"

"मुरूम टाकला की सगळं बसतं. तुझे गुडघे दुखतात, म्हणून बैठं घर बांधतोय. जिन्याची कटकटच नको."

बायकोवर त्याचा जीव होता, हे मी नाकारत नाही. पण माझं बी अजून कोवळं होतं, आणि त्याने वरून रोलर फिरवला. खाली चिखलात जुनं बी तेवढं उरलं. अंधारात ते एकच घोकत राहिलं: याला सोडायचं नाही.

घर झालं. पावसाळ्यात घरात पाणी शिरलं, भिंतींना ओल चढली, फरश्या डुगडुगू लागल्या. दिवाणखान्यात खिडकीजवळच्या सांध्यातून मी पान काढलं. त्याने उपटलं. मी शेजारच्या सांध्यातून आले. त्याने सिमेंट भरलं, तणनाशक ओतलं. मी भिंतीच्या कडेने आले.

"पाणी उपसून कंबर मोडून घेतलीत," बायको म्हणाली. "चला इथून."

"गवताला घाबरून घर सोडू?"

"मग बसा भांडत. या ओलीने माझे गुडघे पार धरलेत. मी भावाकडे चालले."

गवत म्हणाला मला. ती गेली आणि मी दारापासून पलंगापर्यंत फुलले. तो पाय वर घेऊन एकटाच जेवायचा. मला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या.

शेवटी त्यानेही ट्रंक भरली. जाताना एकाही फुलावर पाय पडू दिला नाही. उंबऱ्यावर वळून हळूच म्हणाला, "घे बाई, तुझंच आहे."

वाटलं होतं, एवढं ऐकलं की राग निवेल. निवला नाही.

आता छप्पर खचलंय, दिवाणखान्यात बेडूक ओरडतात. तुम्ही या, काठावर उभं राहून खुशाल बघा. मोजपट्टी मात्र घरीच ठेवा. यंदा मी भरपूर बी धरलंय.