मामांची अकराशे पन्नास कुलपं

कुलपांच्या कारखान्यातल्या तपासणी खात्यात पाच माणसं होती. काम एवढंच: किल्ली घालायची, दोनदा फिरवायची, कुलूप उघडलं की आपल्या नंबरची चिठ्ठी चिकटवून आपल्या खोक्यात टाकायचं. चौघांची दिवसाला प्रत्येकी तीनशे व्हायची, मामांची कशीबशी दीडशे. मामांचे हात थरथरायचे. निवृत्तीला आठ महिने उरले होते. चौघांतला एक मामांचा भाचा; त्याला ही नोकरी मामांनीच लावून दिलेली, त्यामुळे ते आठ महिने मामांपेक्षा तोच जास्त मोजायचा.

मग कंपनीने प्रेरणा द्यायला एक माणूस आणला. त्याच्या गळ्यात शिट्टी होती.

"तुमच्या प्रत्येकाच्या आत एक सिंह झोपलाय!" तो ओरडला.

"झोपू दे बिचाऱ्याला," मामा म्हणाले. "रात्रपाळी करून आला असेल."

कोणी हसलं नाही, कारण तेवढ्यात प्रेरणावाल्याने भिंतीवर तक्ता लावला. शुक्रवारी प्रत्येकाची कुलपं मोजणार. ज्याची सगळ्यात कमी, त्याची क्षमता "बाहेरच्या जगात जास्त फुलेल".

शुक्रवारी भाचा राक्षसासारखा राबला. मामा लघवीला गेले की हा मामांच्या नंबरच्या चिठ्ठ्या लावून आपली कुलपं मामांच्या खोक्यात सरकवायचा. मामांना मधुमेह असल्यामुळे संधीला तोटा नव्हता. अडीचशे सरकवली. पकडलं जाऊ नये म्हणून मान वर केली नाही, कोणाला सांगितलंही नाही.

दुर्दैवाने बाकीचे तिघेही तितकेच चांगले निघाले.

संध्याकाळी तक्त्यावर चौघे तीनशे-तीनशे आणि मामा अकराशे पन्नास.

"अहो, हे मी नाही केलं," मामा म्हणाले.

"बघा, केवढा विनय!" प्रेरणावाल्याने शिट्टी फुंकली.

सोमवारी मोठे साहेब प्रात्यक्षिक बघायला आले. मामांना टेबलावर एक मिनिट दिलं. किल्ली तीनदा पडली. एक कुलूप उघडलं. ते मुळात उघडंच होतं.

"अंगात क्षमता असून मुद्दाम लपवतात," साहेब थंडपणे म्हणाले. "यांना काढा."

भाच्याला राहवलं नाही. "साहेब, मामांची दीडशेच होतात हो! बाकीची हजार आम्ही चौघांनी केली!"

साहेबांनी प्रेरणावाल्याकडे पाहिलं. प्रेरणावाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने तक्त्यावर चौघांच्या नावापुढे रोजची साडेपाचशे लिहिली. मामांचं नाव, दीडशेच होतात या कारणाखाली, पुसून टाकलं.

मामांनी गळ्यातला नंबरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

"मामा, चुकलंच माझं," भाचा म्हणाला.

"साडेपाचशे म्हणजे..." मामांनी मनातल्या मनात हिशेब केला. "तू पाणी कमी पीत जा रे. जायला वेळ मिळणार नाही."