उलट्या शिक्क्याची तुकडी

कर्नल सैन्यात कधीच नव्हते. ते वजनमापं खात्यात होते, तीस वर्षं, आणि तिथे त्यांनी किलोची वजनं, लिटरची मापं आणि दुकानदारांची पडलेली तोंडं यापलीकडे काही पाहिलं नव्हतं. कर्नल हे नाव जुन्या बाजारातल्या किल्लीवाल्याने ठेवलं आणि ते चिकटलं. कर्नलांनीही ते फारसं झटकलं नाही.

दर रविवारी किल्लीवाल्याच्या शेजारी ते घडीचं टेबल मांडत. त्यावर भिंग, कॅलिपर, छोटा वजनकाटा आणि वही. लोक माळ्यावरचं नाहीतर कुठल्याशा ढिगातलं काहीबाही घेऊन येत आणि विचारत, हे लष्करातलं आहे का? कर्नल वस्तू तोलत, मोजत, हुंगत, मग निकाल देत. तोफेचा गोळा शाळेच्या मैदानावरचा गोळाफेकीचा निघे. शौर्यपदक शंभर मीटर धावण्यातलं निघे, तेही तिसऱ्या क्रमांकाचं. एक गृहस्थ शिरस्त्राण म्हणून जे डोक्यावर घालून आले होते, ते काय निघालं हे चारचौघांत सांगण्यासारखं नाही. पण कर्नल कुणाचा पाणउतारा करत नसत. अगदीच आशा नसेल तर म्हणत, "शक्यता नाकारता येत नाही." म्हणजे शक्यता नाकारली, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं. ज्याला सांगितलं तो तेवढा खुशीत घरी जाई.

त्यांच्या बायकोला बाजार कर्नलीणबाई म्हणे. बाईंना हे नाव मुळीच पसंत नव्हतं, पण बाजाराशी कोण डोकं लावत बसणार? त्या थर्मास घेऊन मागच्या खुर्चीवर बसत आणि विणकाम करत.

तर या कर्नलांचं आयुष्यातलं खरं काम म्हणजे उलट्या शिक्क्याची तुकडी. अकरा वर्षांपूर्वी त्यांना बाजारात पितळेचं एक लष्करी होकायंत्र मिळालं. झाकणावर तपासणीचा शिक्का, एक त्रिकोण आणि आत चाराचा आकडा. अशी होकायंत्रं पैशाला पासरी मिळतात. पण त्या सगळ्यांवर त्रिकोणाचं टोक कडीच्या विरुद्ध दिशेला असतं, आणि यावर ते कडीकडे होतं. शिक्का उलटा. शिवाय कडी खाली धरून पाहिलं तर इतरांवर त्रिकोणाची उजवी बाजू जराशी खोल उमटते, इथे डावी. कर्नलांची झोपच उडाली. मग असं दुसरं मिळालं, तिसरं मिळालं, आणि आता कपाटात तेवीस होती.

कर्नलांनी त्यातून जे काढलं ते असं. होकायंत्र गळ्यात अडकवलं की कडी वर येते आणि उलटा त्रिकोण सुलट दिसतो. गळ्यात होकायंत्र कोण अडकवतं? ज्याचे दोन्ही हात चढायला लागतात तो. म्हणजे डोंगरातली तुकडी. डावी बाजू खोल का? शिक्के उतारावर, तंबूत बसून मारले म्हणून. अशा तुकडीची नोंद कुठल्याच रजिस्टरात का सापडत नाही? गुप्त होती म्हणून. अकरा वर्षांत त्यांनी देशभरच्या दफ्तरखान्यांना, निवृत्त अधिकाऱ्यांना आणि एका गिर्यारोहक मंडळाला मिळून दोनशे सहा पत्रं लिहिली. एकाही रजिस्टरात काही सापडलं नाही, आणि दर नकाराबरोबर तुकडी आणखी गुप्त होत गेली.

आता खरी गोष्ट. ते शिक्के बाईंनी मारले होते.

लग्नाआधी त्या अकरा महिने एका कारखान्यात कामाला होत्या. पुढे तिथे भिंतीवरची घड्याळं होऊ लागली, म्हणून लग्न ठरवताना वडिलांनी 'घड्याळाच्या कारखान्यात' एवढंच सांगितलं. पण बाई होत्या तेव्हा तिथे लष्कराची होकायंत्रं होत. टेबल क्रमांक चार, शिक्क्याचं हातयंत्र, दांडा उजवीकडे. नियम एकच: झाकण ठेवताना कडी आपल्याकडे. बाई डावखुऱ्या. उजव्या हाताने दांडा ओढून ओढून चार दिवसांत खांदा भरून आला. पाचव्या दिवशी त्यांनी स्टूल उचललं आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसल्या. आता दांडा डाव्या हाताला आला. काम झपाझप होऊ लागलं. नियमही पाळला, कडी आपल्याकडे. फक्त 'आपल्याकडे' म्हणजे आता टेबलाची दुसरी बाजू झाली होती, हे ना त्यांच्या लक्षात आलं ना मुकादमाच्या. तीन आठवड्यांनी आलं. तोवर पेट्या रवाना झाल्या होत्या. बाईंची रवानगी पॅकिंगला झाली.

मग अकरा वर्षं त्या गप्प का बसल्या? कारण पहिलं होकायंत्र घरी आलं तेव्हा कर्नलांचं हृदयाचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते आणि त्या तीन महिन्यांत त्यांनी 'हो', 'नको' आणि 'पंखा बंद कर' याखेरीज शब्द काढला नव्हता. त्या दिवशी ते सलग दोन तास बोलले. बाईंनी शिक्का बघितला, क्षणात ओळखला, आणि त्यांच्या तोंडाशी आलं तेवढ्यात त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बोलू दे बापड्याला, असं त्या मनात म्हणाल्या. नंतर सांगू. नंतर तुकडी इतकी मोठी झाली की तिच्या मध्ये जाऊन उभं राहायची सोय उरली नाही.

आणि दोनशे सहा पत्रं लिहिणाऱ्या माणसाने घरात एकदाही विचारलं नाही, की तू कारखान्यात करत काय होतीस. हे बाईंना लागलं होतं. बोलून दाखवलं नाही, पण लागलं होतं.

गोष्ट हाताबाहेर गेली ती संग्रहालयामुळे. गावातल्या संग्रहालयाच्या मॅडम बाजारात आल्या, त्यांनी तुकडीची हकिगत ऐकली आणि काचेच्या आत पाच होकायंत्रं मांडायचं ठरवलं. सोमवारी सकाळी त्या घरी येऊन होकायंत्रं आणि खालच्या पाटीचा मजकूर नेणार होत्या. रविवारी दुपारी, बाजारातून परतल्यावर, कर्नलांनी जेवणाच्या टेबलावर मजकूर वाचून दाखवला.

"ही होकायंत्रे एका अज्ञात पर्वतीय तुकडीची. उलटा शिक्का ही त्या वीरांची गुप्त खूण. कडेकपारींत हे शिक्के मारणाऱ्या त्या अनाम हातांना वंदन." चष्मा काढून ते म्हणाले, "कसं वाटतं?"

तुकडी बाजारात होती तोवर ठीक होतं. पण एकदा ते काचेच्या आत गेलं की कायमचं. आपले हात, आपला खांदा, आपलं स्टूल, सगळं कुणा नसलेल्या शिपायांच्या नावावर जाणार. सांगायचं तर आज. आणि सांगितलं तर हा माणूस पुन्हा पंखा बंद कर एवढंच बोलायला लागणार. त्यांनी पाण्याचा पेला उचलला, ठेवला.

"अहो, ते शिक्के मी मारलेत."

"कुठले?"

"हेच. तेवीसच्या तेवीस. आणखी पाच-सहा हजार असतील."

कर्नल हसले नाहीत, रागावले नाहीत. त्यांनी वही उघडली. तारीख घातली. 'माहिती देणारी व्यक्ती' पुढे 'पत्नी' लिहिलं. बाईंनी टेबलापासून मुकादमापर्यंत सगळं सांगितलं. कर्नलांनी सगळं उतरवून घेतलं.

"पलीकडे का बसायचीस?"

"मी डावखुरी आहे ना."

"कोण?"

"घरात आणखी कोण आहे?"

कर्नलांनी तेही लिहिलं. "कागद काही? हजेरीपत्रक, ओळखपत्र?"

"चव्वेचाळीस वर्षं झाली. कुठून आणू?"

कर्नलांनी वही मिटली आणि मृदूपणे म्हणाले, "शक्यता नाकारता येत नाही."

बाई उठल्या. इतकी वर्षं हे वाक्य बाजारातल्या येड्यागबाळ्यांना ऐकवलेलं त्यांनी ऐकलं होतं. आज ते आपल्याच टेबलावर, आपल्याच नवऱ्याने आपल्याला ऐकवलं. त्यांची कानशिलं तापली. त्या तरातरा आतल्या खोलीत गेल्या आणि कर्नलांचं प्रमाणपत्रावर ठसा उठवायचं लोखंडी यंत्र दोन्ही हातांनी उचलून घेऊन आल्या. खात्याने मोडीत काढलेलं, दांडा उजवीकडे. कर्नल दुकानदारांच्या वजनांवर खूण करत ते याच जातीच्या यंत्राने. त्यांनी ते कर्नलांच्या समोर आदळलं.

"मारा एक."

"काय करतेस?"

"मारा म्हणते ना."

कर्नलांनी पुठ्ठ्याचा तुकडा घेतला. बाईंनी त्याचा एक कोपरा फाडला. "ही कडी. कडी आपल्याकडे." कर्नलांनी कोपरा स्वतःकडे ठेवून दांडा ओढला. मग बाईंनी आणखी सहा तुकडे घेतले, प्रत्येकाचा तसाच कोपरा फाडला, टेबलाच्या पलीकडे जाऊन बसल्या, कोपरा स्वतःकडे ठेवला आणि डाव्या हाताने दांडा ओढला. चव्वेचाळीस वर्षांनी हाताला सगळं आठवलं. एकावर न थांबता त्यांनी सहा मारले, मोजून सहा सेकंदांत, आणि शेवटचा तुकडा नवऱ्यापुढे सरकवला.

कर्नलांनी भिंग घेतलं. दोन्ही तुकडे कोपऱ्यापाशी जुळवून शेजारी ठेवले. एक ठसा सुलट, उजवी कड खोल. दुसरा उलटा, डावी कड खोल. त्यांनी कॅलिपर लावलं. वहीत आकडे लिहिले. कपाटातून तेवीस होकायंत्रं आणून एकेक उघडून पाहिलं, आणि प्रत्येकाच्या वेळी एकदा बायकोच्या डाव्या हाताकडे पाहिलं. चहा झाला, गार झाला. ते काही बोलेनात. बाईंना वाटलं, झालं, गेला हा माणूस पुन्हा आत. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

सोमवारी दहाला मॅडम आल्या. कर्नलांनी दाढी केली होती. त्यांनी नवा कागद पुढे केला. मॅडमनी उभ्या उभ्याच मोठ्याने वाचला.

"होकायंत्रे, पितळ. शिक्का उलटा. कारण: शिक्का मारणारी मुलगी डावखुरी असून टेबलाच्या पलीकडे बसत असे." त्या थांबल्या. "आणि तुकडी?"

"तुकडी नव्हती," कर्नल म्हणाले.

मॅडमचा चेहरा उतरला. तुकडीचं पोस्टर छापायला गेलं होतं. डोंगराचं चित्र होतं त्यावर. त्या खुर्चीवर बसल्या आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या की लोक तुकडी बघायला येतील, डावखुरी मुलगी बघायला कोण येणार? शिवाय पुरावा काय? बाईंची आठवण? इतक्या वर्षांत माणसाची काहीही समजूत होते.

बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी कर्नलांकडे पाहिलं. काल हेच ते स्वतः म्हणाले होते, फक्त जास्त गोड शब्दांत.

"मॅडम," कर्नल म्हणाले, "तुकडीसाठी मी दोनशे सहा पत्रं लिहिली. एक साक्षीदार सापडला नाही. ही समोर उभी आहे. आकडे जुळतात, मी मोजलेत. मजकूर हा छापणार असाल तर न्या होकायंत्रं. नाहीतर माझं कपाट आहे, तिथे राहतील."

मॅडमनी एकदा कागदाकडे, एकदा कपाटाकडे पाहिलं. मग सुस्कारा टाकून पेन काढलं. "बरं. निदान नाव तरी घालू. काय लिहायचं? सौभाग्यवती..."

"सौभाग्यवती नको," कर्नल म्हणाले. "तेव्हा माझा काही संबंध नव्हता. तिलाच विचारा. मी विचारलं नव्हतं."

बाईंनी ओढणीच्या टोकाने डोळे पुसले आणि माहेरचं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, जसं त्या कारखान्याच्या हजेरीला सांगत तसं. या घरात ते नाव एकेचाळीस वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. मॅडम लिहू लागल्या. कर्नलांनीही वही ओढली, 'माहिती देणारी व्यक्ती' पुढचं 'पत्नी' खोडलं, आणि पेन टेकवून थांबले.

"पुन्हा सांग," ते म्हणाले. "सावकाश."