नंदकिशोर जाधवांचं उड्डाण

मनुष्य आकाशात झेपावतो तेव्हा पृथ्वीवरची सारी क्षुद्र बंधनं मागे टाकतो, असं नेरूळच्या चंद्रभागा सोसायटीच्या फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलं होतं. त्याच्याखाली, उद्या पाणी येणार नाही, असंही लिहिलं होतं.

झेपावणारे मनुष्य म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी नंदकिशोर जाधव. सत्त्याण्णव साली खाडीकडच्या मैदानात बलून फेस्टिव्हल भरला आणि ऑफिसातून त्यांना बलूनमध्ये बसायचा पास मिळाला. बलून दोरांनी बांधलेला असतो, वर जातो आणि तिथंच उतरतो, हे पास देणाऱ्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण जिन्यात खजिनदार बंडू शिर्के म्हणाले, "काय सेक्रेटरी, डायरेक्ट अलिबागला उतरणार म्हणे?" तेव्हा नंदकिशोर नुसते हसले आणि म्हणाले, "वारा नेईल तिकडे." त्यांनी केलं ते एवढंच. बाकीचं सोसायटीनं केलं.

सोसायटीनं सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, भाषणं. "परत आल्यावर करू की," असं कुणीतरी सुचवलं.

"आणि नाही आले तर?" बंडू म्हणाले.

हे वाक्य नंदकिशोरांच्या आईनं, मुक्ताबाईंनी, ऐकलं आणि मुलगा जमिनीवर येईपर्यंत उपास धरला. नंदकिशोरांनीही भरलं ताट बाजूला सारलं. शेवटी त्यांनी आईला खरं सांगितलं. "आई, तो बांधलेला असतो गं. कुठं जात नाही."

"माज्या जिवाला बरं वाटावं म्हून सांगतुयास," मुक्ताबाई म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावला.

आईला पटलं नाही म्हणजे आपण सुटलो, असं वाटून नंदकिशोरांना हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याचीच मग लाज वाटली. बायको उज्ज्वला म्हणाली, "सोसायटीला पण सांगा की." ते म्हणाले, "बघतो."

रविवारी अख्खी बिल्डिंग बॅनर घेऊन मैदानात. बलून आधी मांडवाच्या कापडासारखा गवतावर पसरला होता. पंख्यानं फुगला, मग बसायच्या टोपलीवरच्या शेगडीनं एवढी मोठी जीभ काढली की पुढची रांग मागच्या रांगेच्या पायावर गेली. मुक्ताबाईंनी टोपलीला हळदकुंकू लावलं, मुलाच्या हातावर दही ठेवलं. "जातो म्हनू नगं. येतो म्हन."

"येतो," नंदकिशोर म्हणाले. सत्काराची शाल अंगावर होतीच.

तेवढ्यात बंडूंची नजर ट्रकना बांधलेल्या दोरांकडे गेली. "हे कधी सोडणार, भाऊ?"

"सोडत नाय काका," बलूनवाला म्हणाला.

सगळे नंदकिशोरांकडे बघू लागले. आता तरी खरं बोलायचं, तर ते म्हणाले, "आज वारा आहे ना, म्हणून असेल."

"वारा नसला तरी नाय सोडत."

उज्ज्वलानं मान खाली घातली. नंदकिशोर टोपलीत चढले, बलून वर निघाला. डोक्यावर शेगडी भडकली, शालीत घाम फुटला. पण खालून एकही हात हलेना. दोन जण बॅनरची घडी घालत होते. एकट्या मुक्ताबाई हात जोडून, डोळे गच्च मिटून उभ्या. हे दोर आत्ता तुटावेत, असं नंदकिशोरांना मनापासून वाटलं. दोर मजबूत होते.

खाडीवरून वारं सुटलं तशी बलूनवाल्यानं टोपली लगेच खाली घेतली. मुक्ताबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं रडल्या. "आलास रं माज्या राजा! किती वर गेलतास?"

नंदकिशोर शालीची घडी घालू लागले. बंडूंनी शेजारच्या इमारतीकडे बघून अंदाज घेतला.

"तिसऱ्या मजल्याएवढं, मावशी."

जाधव मंडळी चौथ्या मजल्यावर राहत होती.