काम धाकट्याकडे गेलं

मी बोलतोय, या लॅपटॉपच्या पोटात बसलेलं, पडद्यावरची चित्रं काढणारं मोठं ग्राफिक्स कार्ड. मोठं हा शब्द नीट ऐका, कारण इथे आणखी एक आहे. ते प्रोसेसरच्याच कुशीत जन्मलं, तिथेच राहतं आणि स्वतःची मेमरी नसल्यामुळे लॅपटॉपच्या मेमरीतून उसनी घेऊन भागवतं. मी त्याला धाकटा म्हणतो. दुसरं काही नाव द्यावं इतकी त्याची लायकी मला कधी वाटली नाही.

माझा जन्म धुळीचा कणही चालत नाही अशा कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकून वावरायची. इतकी नीटनेटकी माणसं मी नंतर कधीच पाहिली नाहीत. मला स्वतःची मेमरी मिळाली, उष्णता वाहून न्यायला तांब्याची नळी मिळाली, पंखा मिळाला. लॅपटॉपच्या अंगावर माझ्या नावाचा चकचकीत स्टिकर लागला. दुकानात गिऱ्हाईक आलं की विक्रेता त्या स्टिकरवर बोट ठेवूनच बोलायला सुरुवात करायचा.

मला घरी आणलं ते दिराने. म्हणजे आज ज्या वहिनी हा लॅपटॉप वापरतात, त्यांच्या दिराने. तो गेम खेळायचा. मी एकेका पानावरचं दव रंगवायचो आणि हा गडी बंदूक घेऊन त्या जंगलातून धावत सुटायचा. एका पानाकडे बघेल तर शपथ. चिप्सचा चुरा कीबोर्डवर सांडायचा, त्यातला निम्मा माझ्या पंख्यात जायचा. हरला की शिव्या मला आणि जिंकला की शाबासकी स्वतःला. तरीही तो बरा म्हणायचा, निदान माझी किंमत त्याला ठाऊक होती.

मग त्याला दूरच्या गावी नोकरी लागली, त्याने नवा लॅपटॉप घेतला आणि आम्ही वहिनींकडे आलो. जाताना त्याने एक पराक्रम केला. सेटिंगमध्ये शिरून ब्राउझरपुढे ‘जास्त ताकदीचं ग्राफिक्स’ हा पर्याय निवडला आणि छाती फुगवून सांगितलं, की वहिनी, आता तुमचं काम पाण्यासारखं वाहील.

वहिनींचं काम दुभाष्याचं. कर्णबधिर माणसं आणि त्यांचे डॉक्टर यांच्या मध्ये त्या बसतात, तेही घरी, बेडरूमच्या खिडकीजवळच्या टेबलाशी. ब्राउझरमध्ये एका चौकोनात डॉक्टर, दुसऱ्यात रुग्ण, तिसऱ्यात वहिनी. रुग्ण हातांनी बोलतो, ते वहिनी तोंडाने डॉक्टरांना सांगतात. डॉक्टरांचं बोलणं हातांनी रुग्णाला सांगतात. मला पहिल्या दिवशी हसू आलं. युद्धं रंगवणाऱ्याने आता कुणाकुणाचे हातवारे दाखवायचे!

आणि ते हातवारे अडकायला लागले. हात वर जायचा आणि तिथेच थिजायचा. पुन्हा हलायचा तेव्हा दोन शब्द निघून गेलेले असायचे.

याचं कारण मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. या लॅपटॉपच्या पडद्याची तार धाकट्याला जोडलेली आहे. ज्या शहाण्याने ही रचना केली त्याला माझा नमस्कार. चित्र मी काढायचं आणि पडद्यावर लावायला त्या उसनवाऱ्याच्या हातात द्यायचं. गेममध्ये ही देवाणघेवाण कशीबशी निभायची. ब्राउझरचं तसं नाही. तो जरा शांत झाला की वीज वाचवायला मला झोपवतात आणि पुन्हा गरज पडली की दचकवून उठवतात. मी उठेपर्यंत धाकटा रिकाम्या हाताने उभा. तासभर काम चाललं की मी तापतो, आणि तापलो की माझाही वेग उतरतो. पण मी पुढाकार घेऊन कुणाला सांगणार? मला विचारलं कुणी?

घरात उपाय सुरू झाले. वहिनींचे यजमान, ज्यांना दीर दादा म्हणतो, ते कंपनीत बऱ्यापैकी हुद्द्यावर आहेत. माणसाला हुद्दा मिळाला की त्याला सगळ्यातलं कळायला लागतं. दादांनी राउटर कपाटावर चढवला. मग कपाटावरून पंख्याजवळ नेला. इंटरनेटवाल्यांना फोन करून झापलं आणि त्यांच्याचकडून महागडा प्लॅन घेतला. चष्म्याच्या फडक्याने पडदा पुसला. शेवटी लॅपटॉपचा वेग वाढवणारा एक फुकट प्रोग्रॅम उतरवला, तो दिवसभर जाहिराती दाखवत बसला आणि उरलासुरला वेगही खाऊन गेला. एवढं करून दादा म्हणाले, “आता फरक वाटतोय.” हात अडकायचे ते अडकतच राहिले.

मग पडद्यावर एक सुतार आला. वयस्क, जन्मापासून कर्णबधिर, पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलेला. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं, पण तो सही करत नव्हता. डॉक्टरांनी सगळं समजावलं, त्याने मान डोलावली आणि काहीतरी विचारलं. एका मनगटावर दुसरं मनगट ठेवलं आणि तेवढ्यात चित्र थिजलं. सुटलं तेव्हा त्याचे हात भलतीकडेच होते. वहिनींनी पुन्हा विचारलं. पुन्हा मनगटावर मनगट, पुन्हा चित्र थिजलं. तिसऱ्यांदाही तेच. सुतार पडद्याकडे पाहत राहिला. मग त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि खाली बघत बसला.

डॉक्टर घाईत होते. “त्यांना आता काही विचारायचं नाही असं दिसतंय,” ते म्हणाले. “तयार आहेत असं धरू या?”

“नाही,” वहिनी म्हणाल्या. “त्यांचं बोलणं माझ्यापर्यंत पोचलेलं नाही. अर्धवट प्रश्नावर सही नको.”

डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत मुदत दिली. त्यानंतर मात्र ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल, आणि पित्ताशयातला खडा ज्या जागी अडकलाय ते पाहता थांबण्यात धोका आहे, हेही सांगितलं. कॉल संपला.

खरं सांगतो, माणसांकडून मला फारशी अपेक्षा नसते. पण या बाईने त्या दुपारी डोकं वापरलं. डॉक्टरांचा आवाज एकदाही तुटला नव्हता, म्हणजे इंटरनेट ठीक होतं. त्यांनी ब्राउझर बंद करून नुसता कॅमेरा उघडला आणि स्वतःशीच खुणा करून पाहिल्या. हात सरळ, सलग दिसले. म्हणजे खोट कॅमेऱ्यात नव्हती, पडद्यात नव्हती. ब्राउझर उघडला की मात्र घोळ सुरू. दादांचा तो फुकट प्रोग्रॅम त्यांनी न विचारता काढून टाकला. ब्राउझरची साठलेली अडगळ पुसली. फरक पडला, पण हात अजून अडकत होते.

मग त्यांनी दिराला फोन लावला. त्याने उंटावरून शेळ्या हाकायला सुरुवात केली. आधी ब्राउझरला ग्राफिक्सची मदत घेऊच देऊ नका म्हणाला. तसं केलं तर सगळा भार प्रोसेसरवर पडला, पंखा बोंबलायला लागला आणि चित्र आणखी रखडलं. वहिनींनी ते पुन्हा होतं तसं केलं आणि लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये शोधत शोधत त्यांना कोणता प्रोग्रॅम कुठलं ग्राफिक्स वापरतो ती यादी सापडली. ब्राउझरच्या नावापुढे मी होतो.

“भाऊजी, इथे दोन ग्राफिक्स दिसतायत. लहानावर टाकून बघू का?”

तिकडून हसणं ऐकू आलं. “वहिनी, ते शोभेचं आहे. मोठं सोडून कुणी ते वापरतं का?”

मी मनातल्या मनात त्याला दाद दिली. शेवटी माझाच माणूस.

वहिनींनी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला आणि ‘वीज वाचवणारं ग्राफिक्स’ निवडलं. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला. मला कुणी उठवलंच नाही.

पुढचं मला धाकट्याकडून कळलं. आम्ही एकाच सर्किटच्या पट्टीवर राहतो, त्यामुळे इच्छा नसली तरी ऐकावं लागतं. त्याला रंगवून सांगता येत नाही, जे झालं ते सांगतो.

सुतार पुन्हा पडद्यावर आला, तेव्हा त्याचे हात खिशात होते. वहिनींनी त्याला खुणेने सांगितलं, आता नीट दिसतंय, पुन्हा विचारा. मग त्याने हात बाहेर काढले, मनगटावर मनगट ठेवलं, आणि या वेळी पुढचं सगळं दिसलं.

वहिनी म्हणाल्या, “डॉक्टर, ते विचारतायत, ऑपरेशनच्या वेळी माझे हात बांधणार का? आणि जाग आली, दुखलं, तर मी सांगू कसा?”

डॉक्टरांनी हातातला कागद खाली ठेवला. हात पट्ट्याने बांधतात, ती रोजचीच पद्धत होती. मग म्हणाले, की जाग यायच्या आधी पट्टे सोडायला सांगतो, सुई डाव्या हाताला लावू, उजवा मोकळा राहील. आणि समोर पडद्यावर वहिनी असतील. एका हाताने बोलायला त्यांना चालेल का, विचारा.

सुतार पहिल्यांदा हसला. चालेल म्हणाला, फक्त थोडं बोबडं येईल. मग त्याने सही केली.

धाकट्याने एवढंच सांगितलं. मी त्याला म्हणालो, शहाणपणा शिकवू नकोस, तुझ्याऐवजी पडद्याची तार माझ्याकडे असती तर मीही दाखवलं असतं. त्याला उलट उत्तर देता येत नाही, हा त्याचा एक गुण.

सध्या मी रिकामा आहे. पंख्यावर धूळ बसतेय, माझ्या नावाचा स्टिकर एका कोपऱ्यातून उचकटलाय. ज्यांच्यासाठी मी आयुष्यभर राबलो ती गेममधली सगळी माणसं खोटी होती, पडली की पुन्हा उभी राहायची. त्यांच्यातल्या एकालाही कधी काही विचारायचं नव्हतं.

सुट्टीत दीर येणार आहे, असं कानावर आलंय. तो यादी उघडणार, कपाळाला आठ्या घालणार आणि मला माझी जागा परत देणार. कुणीतरी त्याला अडवा. मला काम नकोय असं नाही. एखादा गेम उघडा, जंगल द्या, युद्ध द्या, तापू द्या मला. पण ब्राउझर धाकट्याकडेच राहू द्या. तिथे समोर कुणीतरी बोलत असतं.