जिलेबीचा फोटो कोणी काढला

मी भांडखोर माणूस नाही, असं मी सगळ्यांना सांगतो आणि कोणी ऐकलं नाही की भांडतो. नाव गोरक्षनाथ, वय त्रेचाळीस, कोल्हारात फोटो स्टुडिओ. लग्न, साखरपुडा, बारसं, ज्या ऑर्डरी येतील त्या घेतो. आणि या वयात, डोक्यावरचे केस निम्मे गेल्यावर, मी एका पंधरा वर्षांच्या पोरासाठी दोन वर्षं जगाशी भांडतोय. ते पोरगं खरं असतं तरी एक वेळ ठीक होतं. ते चित्रातलं आहे.

त्याचं नाव काजवा. दर शुक्रवारी मोबाईलवर 'महाज्वाल' नावाची चित्रकथा येते. महाज्वाल म्हणजे उडणारा, आग ओकणारा, छाती हीऽ एवढी. काजवा त्याचा साथीदार. भुयारात आधी शिरणार काजवा, बाँब शोधणार काजवा, मार खाणार काजवा, आणि शेवटी हार पडणार महाज्वालच्या गळ्यात. मुखपृष्ठावर काजव्याचा अख्खा चेहरा एकदाही आलेला नाही. कधी कोपर दिसतं, कधी नुसता बूट. माझं रक्त खवळायचं. मग मी व्हॉट्सॲपवर 'काजवा न्याय मंच' काढला. कोपरगावापासून कर्जतपर्यंतचे दोनशे चौदा सभासद, आणि ॲडमिन अस्मादिक.

आता माझं टायपिंग म्हणजे आनंदच आहे. 'अन्याय' लिहायला मला पाच मिनिटं लागतात. म्हणून मी बोलायचो आणि दिशा लिहायची. दिशा माझी मुलगी, अकरावीला आहे. ऑर्डरीला लाइट धरायलाही तीच असते. एका हातात लाइटचा दांडा, दुसऱ्या हातात माझा मोबाईल. 'पोरांच्या कष्टावर मोठं होणाऱ्यांचा जाहीर निषेध, आणि लाइट जरा डावीकडं घे,' हे मी एका दमात बोललेलो आहे. तिनं 'लाइट डावीकडं' पण पाठवून दिलं होतं. त्यावर मी तिलाच रागावलो.

ग्रुपात माझा एकच वैरी, नेवाशाचा बिभीषण. बियाण्यांचं आणि औषधांचं दुकान आहे त्याचं. त्याचं म्हणणं, महाज्वालनं पोराला आसरा दिला, विद्या दिली, मग हार स्वतःच्या गळ्यात घेतला तर बिघडलं कुठं? मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही. एकदा या धुमश्चक्रीत दिशानं स्वतःच्या नंबरवरून एकच ओळ टाकली, की काजव्याला काय पाहिजे हे त्याला कोणी विचारलंय का. मी ती ओळ उडवली. विषय सोडून होती.

मार्चात लोणीजवळ एका लग्नाची ऑर्डर होती. अक्षता पडल्या आणि मी पंगतीला बसलो. मी जेवायला बसलो की लवकर उठत नाही, हे खरं आहे. तेवढ्यात दिशा कॅमेरा घेऊन मांडवामागं गेली. तिथं पाण्याच्या टँकरच्या सावलीत नवरीचा बाप एकटाच बसला होता, फेटा मांडीवर, हातात जिलेबी, आणि डोळे भरलेले. तिनं एकच फोटो काढला. नंतर कॉम्प्युटरवर मी तो मोठा करून तीनदा पाहिला. वीस वर्षांत मला असा फोटो निघालेला नाही.

आमच्या सगळ्या फोटोंवर कोपऱ्यात स्टुडिओचं नाव आपोआप उमटतं. त्याच्यावरही उमटलं. नगरला जिल्हा छायाचित्र स्पर्धा होती, तिथं मी तो पाठवून दिला, माझ्या नावानं. चुकून, असं सांगायचा मोह होतोय, पण तसं नाही. फोटो निघाला तेव्हा मी जेवत होतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण म्हटलं, कॅमेरा माझा, लेन्स माझी, ऑर्डर माझी, मग फोटो काय शेजाऱ्याचा?

दुसरा नंबर आल्याचा फोन आला. मी तो फोटो स्टेटसला ठेवला, पेढे आणले. दिशानं पेढा हातात धरून विचारलं, फोटो कोणी काढला. मी म्हणालो, आपल्या स्टुडिओनं. तिनं पेढा डब्यात परत ठेवला. त्या दिवसापासून माझ्या पोस्टी लिहायचं तिनं बंद केलं. माझी बायको जया म्हणाली, पोरीला एकदा विचारा तरी. मी म्हणालो, परीक्षेचं टेन्शन असेल.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात शुक्रवारी काजव्यानं अख्खं धरण वाचवलं आणि महाज्वाल पत्रकारांना म्हणाला, 'ही आमच्या पथकाची कामगिरी.' पथकाची! मी पेटलो. पाच मिनिटाला एक शब्द या हिशेबानं दोन दिवस टाइप करत बसलो. नाव घ्यायला जीभ झडते का, असं विचारलं. दुसऱ्याच्या कामावर आपला शिक्का मारणाऱ्याला महाबली म्हणायचं का, असंही विचारलं. एकशे तीस जणांनी अंगठे दिले. मी खूश.

मग बिभीषणाचा मेसेज आला. इतका सभ्य मेसेज त्यानं कधी पाठवला नव्हता. 'ॲडमिनसाहेब, तुमचं स्टेटस पाहिलं, अभिनंदन. त्या लग्नात मीही होतो. नवरीचा बाप मांडवामागं गेला तेव्हा तुम्ही पंगतीत माझ्या शेजारी होता, मला ओळखलं नाहीत. तिसऱ्यांदा मठ्ठा घेतलात. मग फोटो कोणी काढला?'

एरवी रात्रंदिवस किचकिच करणारा ग्रुप, एक अंगठा नाही की फूल नाही. मग देवळालीच्या निकितानं एकच शब्द लिहिला, 'काजव्यानं.'

लाज वाटली. खोटं कशाला सांगू, आधी बिभीषणाचा राग आला, मग निकिताला काढून टाकावं वाटलं, आणि मग लाज वाटली. पण वाटली ती अशी वाटली, की दोन दिवस मोबाईल पिठाच्या डब्यावर पालथा पडून होता.

रविवारी नगरला बक्षीस समारंभ होता. मी दिशाला बळंच सोबत नेलं. मनाशी ठरवलं होतं, सगळ्यांसमोर सांगायचं. माझं नाव पुकारलं. अध्यक्षांनी शाल घातली, प्रमाणपत्र दिलं, आणि मी माईक मागून घेतला.

"हा फोटो माझा न्हाई. माझ्या लेकीनं काढलाय. मी तवा जेवत हुतो."

मग काय सांगू, टाळ्याच टाळ्या. माणसं उठून उभी राहिली. अध्यक्षांनी मिठी मारली. असा मोठ्या मनाचा बाप आजच्या काळात दिसत नाही म्हणाले आणि आणखी एक शाल घातली. मला माझंच कौतुक वाटायला लागलं, आणि लई वाटायला लागलं. दिशाला वर बोलवावं म्हणून तिच्या खुर्चीकडं पाहिलं, तर खुर्ची रिकामी.

ती बाहेर व्हरांड्यात होती. तिथं सगळे फोटो लावलेले होते, प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी. जिलेबीच्या फोटोखालची माझी चिठ्ठी तिनं काढली होती. पेनाचं टोपण दातात धरून तिनं दुसऱ्या कागदावर 'दिशा' लिहिलं होतं आणि तो चिकटवत होती.

"टाळ्या लई झाल्या. कोणासाठी हुत्या?"

"तुझ्यासाठीच," म्हणालो. अंगावर दोन शाली होत्या, त्यात ते काही शोभेना. "माझ्यासाठी," म्हणालो.

तिनं मान हलवली. काही सुचलं नाही की मी सल्ला देतो.

"नुसतं दिशा कसं? पूर्ण नाव लिही ना. फोटो तुझा हाय, लोकांना कळू दे."

"पूर्ण नाव लिहिलं की मधे तुमचं नाव येतं, पप्पा."

रागानं म्हणाली असती तर मी भांडलो असतो. पण तिनं ते चिकटपट्टी तोडता तोडता, अगदी सहज सांगितलं.