सगळ्या तारा हिरव्या

सून टेबलाखाली उताणी झोपली होती. डाव्या हातात दवाखान्यातून आणलेला दात बघायचा छोटा आरसा, उजव्या हातात मीटरची सुई. आडोशाला दडलेल्या एका तारेच्या टोकाला तिने सुई टेकवली आणि मीटर वाजलं.

“वाजलं, बाबा. कुठलं बटण?”

“बोगद्यातला दिवा,” वरून सासऱ्यांचा आवाज आला. “बांध चिठ्ठी. सतरा नंबर.”

सकाळी ती नाइलाजाने खाली शिरली होती. आता जेवायलाही बाहेर यायला तयार नव्हती. डोंगर, पूल, यार्ड, त्यातून धावणारी छोटी आगगाडी, सगळं सासऱ्यांनी एकट्याने उभं केलेलं. वर बघावं तर दृष्ट लागेल असं, आणि खाली नुसता गुंता. कारण काय, तर स्वस्तात मिळालं म्हणून हिरव्या तारेचं एकच भलंमोठं रीळ वापरलेलं. कुठली तार कुठे जाते ते फक्त त्यांच्या डोक्यात, आणि त्यांच्या गुडघ्यांनी तर कधीच संप पुकारलेला.

नव्या लहान घरात हे टेबल मावणार नव्हतं. म्हणून ते मॉडेल रेल्वेच्या क्लबला जायचं होतं. क्लबचे सेक्रेटरी आणि सासरे यांचा जुना छत्तीसचा आकडा. सेक्रेटरींनी ऐटीत सांगितलं होतं, वायरिंगचा नकाशा असेल तरच नेऊ, आणि एकदा नेलं की गाडी फक्त सभासद चालवतील, बाकीच्यांनी दोरीबाहेरून बघायचं.

“बाकीच्यांत मीही आलोच,” सासरे एवढंच म्हणाले होते. त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत. सुनेला सेक्रेटरींचा असा राग आला होता की विचारू नका.

“थांबा, थांबा. इथे टेबलाच्या पायामागे अजून दोन लपल्यात.”

मीटर वाजलं. वर बटण दाबल्यावर गाडीची वाट बदलणारा रुळाचा सांधा खट्कन सरकला.

“पुलाचा सांधा. अठरा नंबर. आता दुसरी?”

पुन्हा वाजलं, पुन्हा खट्.

“यार्डाचा. एकोणीस. संपलं, पोरी.”

ती बाहेर आली ती केसांत जळमटं घेऊन, हसत हसत.

“बाबा, तुमची गाडी मला तोंडपाठ झाली.”

“तू आधी आली असतीस, तर रंगीत तारा घेतल्या असत्या,” सासरेही हसले.

सासऱ्यांनी वर बसून पेन्सिलीने काढलेला नकाशा तिने उत्साहाने पुढ्यात ओढला. सासऱ्यांनी आयुष्यभर कारखान्यात नकाशे काढलेले. एक रेघ इकडची तिकडे व्हायची नाही. बोट फिरवता फिरवता ती शेवटच्या दोन ओळींवर थांबली. अठरा, यार्ड. एकोणीस, पूल.

“बाबा, हे...”

सासरे चष्मा पुसत होते. काच केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी पुसतच होते.

क्लबात पुलाचं बटण दाबायचं आणि पुलाचा सांधा जागचा हलायचा नाही, यार्डातला सांधा खट्कन सरकायचा. सगळ्या तारा हिरव्या. सभासद डोकं खाजवत बसतील, आणि शेवटी सेक्रेटरींना नाक मुठीत धरून बाबांनाच फोन करावा लागेल. सुनेला हसू दाबता दाबता पुरेवाट झाली.

“काय गं?” सासऱ्यांनी मान वर न करता विचारलं.

“काही नाही. पेन्सिल पुसट आहे, शाईने गिरवते.” तिने पेनाचं टोपण काढलं. “आणि आपला फोन नंबर कुठे लिहू?”

“खाली,” सासरे म्हणाले. “जरा मोठ्या अक्षरांत.”